कर्ण्याची जवारी

तंबोऱ्याची जवारी काढताना ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला जुन्या वस्तूची दुरुस्ती कशी करावी हे निराळे सांगावयास नको. वर्षानुवर्षे तारा घासून घासून घोडीवर बारीक चर पडतात. आवाज बसतो, आणि तारेखालचा दोरा कितीही सरकवला तरी तो ओळखीचा झंकार काही उठत नाही. मग मिरजेचा कारागीर तारा उतरवितो, घोडी कानशीने हलकेच घासतो, तार चढवून ऐकतो आणि पुन्हा घासतो. पंढरपुराकडच्या मळ्यात वाढलेला भोपळा आणि दांडीचे मुरलेले लाकूड यांना तो हात लावीत नाही. झिजले ते सरळ करावयाचे आणि मुरले ते राखावयाचे, एवढाच त्या विद्येचा मंत्र.

घरातल्या जुन्या लाउडस्पीकरच्या बाबतीत मात्र हा मंत्र आपण सहसा विसरतो. दिवाळीची साफसफाई निघाली की वडिलांनी हौसेने घेतलेली ती जडशीळ खोकी माळ्यावरून खाली येतात. आवाज फाटका येतो, खर्ज गेलेला असतो. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भंगारात द्या. दुसरा म्हणतो, लाकडी खोके तेवढे ठेवून आत सगळे नवे घाला. पहिल्याने निदान मूर्ती भंगल्याचे कबूल तरी केलेले असते. दुसरा काळ्या दगडाच्या हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट फासून त्यालाच जीर्णोद्धार म्हणतो. काय बदलावे आणि काय राखावे, याचे उत्तर खरोखर त्या खोक्यांच्या इतिहासातच आहे. तो इतिहास मोठा रंजकही आहे.

प्रारंभी घरात गाणे आले ते विजेवाचून. १९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास फ्रेड गायझबर्ग याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गायिकेने कर्ण्यात तोंड घालून गावयाचे आणि त्या आवाजाच्या धक्क्यानेच सुईने मेणावर रेषा कोरावयाची, असा प्रकार होता. तबकडीच्या एका बाजूस मिनिटे मिळत सुमारे तीन. शेवटी गायिका आपले नाव इंग्रजीत पुकारीत असे; कारण तबकड्या छापल्या जात दूर जर्मनीत, आणि कोणती तबकडी कोणाची हे तेथल्या माणसांना कळावयास हवे! ऐकणाऱ्याच्या घरीही पुन्हा कर्णाच. चिमुकल्या पडद्याचा क्षीण आवाज मोठा करण्याचे काम तो इमानाने करी. पण खालचे स्वर त्याला पेलत नसत. डग्ग्याची घुमक आणि तंबोऱ्याचा खर्ज ही घरात येतच नव्हती म्हणा ना.

१९२५ साली चित्र पालटले. त्याच वर्षी तबकड्यांचे विजेवरचे मुद्रण सुरू झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघांनी कर्ण्यावाचून चालणाऱ्या लाउडस्पीकरवर आपला निबंध प्रसिद्ध केला. कागदाचा एक शंकू; त्याच्या टोकाला तारेची हलकी गुंडाळी; ती गुंडाळी चुंबकाच्या अरुंद फटीत लोंबती. गुंडाळीतून गाण्याची वीज वाहू लागली की शंकू मागेपुढे हलतो आणि हवा हलवितो. पण नुसता शंकू हलून भागत नाही. तो पुढे सरला की पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. आणि दोहोंची गाठ पडली की खर्जाचा नाद परस्परांतच जिरून जातो. म्हणून पुढची हवा मागच्या हवेपासून फळीने अलग करावयाची. लाउडस्पीकरला खोके लागते ते यासाठी, शोभेसाठी नव्हे. आजही घरोघरचे बहुतेक लाउडस्पीकर याच तत्त्वावर चालतात.

या क्रांतीचा लाभ आपल्या संगीताला किती झाला, हे मिरजेस चिरनिद्रा घेत असलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्याच सांगतील. १९३० च्या दशकातल्या त्या तबकड्या विजेच्या मुद्रणाच्या. त्यांचा तो नाजूक, मुलायम आवाज कर्ण्यात ओरडून गाण्याच्या जातीचा नव्हेच. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले होते. पुढे रेडिओच्या पोटातला हाच कागदी शंकू मध्यमवर्गीय घराचा गवई झाला.

या कागदी गवयाचा गळा सुधारण्याचे श्रेय अनेकांचे. पण तिघांची नावे घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. पहिला गिल्बर्ट ब्रिग्ज. हा इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा कापडाच्या धंद्यातला माणूस, पियानोचा भोक्ता. वयाची चाळिशी उलटल्यावर, १९३२ साली, त्याने घराच्या तळघरात लाउडस्पीकर बनविण्यास आरंभ केला आणि आपल्या खोऱ्याचे नाव त्याला दिले : व्हार्फडेल. खोके स्वतःच गाऊ लागले तर गाणे बिघडते, हे ओळखून त्याने प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये चक्क कोरडी वाळू भरली. १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये भरल्या सभेसमोर त्याने प्रत्यक्ष वादन आणि त्याचे मुद्रण एकापाठोपाठ एक ऐकविले. निवाडा श्रोत्यांच्या कानांवर सोपविला!

दुसरा अमेरिकेतला एडगर व्हिल्चर. खर्ज हवा तर खोके कपाटाएवढे हवे, अशी तोवरची समजूत. १९५४ सालच्या आपल्या ए. आर. लाउडस्पीकरने त्याने ती खोटी ठरविली. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा ढकलून पाहा. कोंडलेली हवा तो परत लोटते. तीच हवा व्हिल्चरने शंकूची स्प्रिंग म्हणून वापरली. खोके हवाबंद केले आणि शंकूची कड अगदी सैल ठेवली. सुमारे दोन फुटांच्या खोक्यातून असा खर्ज निघाला की ऐकणारे चकित झाले.

तिसरा पीटर वॉकर. ब्रिग्जच्या त्या सभांत त्याचा हातभार असे. त्याच्या क्वाड लाउडस्पीकरने १९५७ साली शंकू, गुंडाळी आणि खोके या तिन्हींना रजा दिली. छिद्रांच्या दोन पत्र्यांमध्ये अतितलम पडदा ताणलेला. त्यावर काही हजार व्होल्टचा विद्युत्भार. दिसावयास खोली तापविण्याची शेगडी. पण गळ्यातली बारीकशी मींडही त्यातून स्वच्छ उमटे. खर्जाचा दणका आणि मोठा आवाज मात्र त्याच्याकडून मागू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तिघांनीही काही मिळविले आणि त्यासाठी काही सोडले. वॉकरने दणका सोडला. व्हिल्चरचा लाउडस्पीकर आवाजाच्या मानाने वीज अधिक मागतो. आपल्या घरातल्या खोक्याच्या कर्त्याने काय साधले आणि काय सोडले, हे आधी जाणून घ्यावे. आणि जे त्याने साधले होते त्याला हात लावू नये. व्हिल्चरच्या जातीच्या खोक्याला हवा खेळती राहावी म्हणून कोणी भोक पाडले, तर त्याची स्प्रिंगच मोडली. वॉकरच्या पडद्याला दांडगा ॲम्प्लिफायर जोडला, तर ठिणगी पडून पडदा जळतो. लाउडस्पीकर सुधारावयास निघालेला रसिक त्याचा घात करतो तो असा, आणि जळलेला मूळ पडदा काही परत मिळत नाही.

मग बदलावे काय? काळाने खाल्ले तेवढेच. १९७० नंतरच्या कित्येक लाउडस्पीकरांत शंकूची कड फोमची असे. हा फोम दमट हवेत आपोआप सडतो. मुंबई-कोकणात तर तो लवकरच चिकट होऊन बोटाला भुकटी लागते. पुष्कळ वेळा आवाज फाटतो तो यामुळे. शंकू जागच्या जागी ठेवून नुसती नवी कड चिकटविता येते. मात्र गुंडाळी फटीच्या बरोबर मध्यावर बसली पाहिजे आणि कड मूळ जातीचीच हवी. टिकाऊ म्हणून जाड रबराची कड लावली तर शंकू जड होतो, कंठ बदलतो. उलट, त्याहून जुनी कापडी कड बहुधा अजून शाबूत असते. नवेपणाच्या हौसेने ती उपटणे हा शुद्ध अविचार.

दुसरा रोग आतल्या कपॅसिटरांचा. बारीक स्वर एका तोंडाला आणि खर्ज दुसऱ्याला वाटून देणारी ही मंडळी पन्नास वर्षांत सुकतात. ती जरूर बदलावी. पण मूळ मापाचीच. भारी किमतीचा नवा कपॅसिटर कधीकधी वरचे स्वर गरजेहून तीक्ष्ण करतो. तसे झाले तर त्याच्या जोडीला लहानसा रोधक घालून तो तोल सावरावा लागतो. आणि दोन खोक्यांपैकी एकाची दुरुस्ती आधी करून दुसरे तसेच ठेवावे. एकच तबकडी दोहोंवर ऐकली की काय कमावले आणि काय गमावले, हे कोणी सांगावे लागत नाही.

ऐकावयाचे तरी काय? चित्रपटाच्या दणक्यावर निकाल देऊ नये. आपल्या संगीतात याहून चोख कसोटी आहे, ती तंबोऱ्याची. नुसता षड्ज-पंचम जुळलेला तंबोरा लावावा. तार छेडल्यावर नाद एकदा उठून मग फुलत गेला, खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू आला आणि गायक गाऊ लागल्यावरही मागची आस तुटली नाही, तर हात तेथेच थांबवावा. पुढच्या सुधारणेचा मोह आवरावा. कारण घोडी गरजेहून अधिक घासली की तंबोराही मुका होतो.

काढलेला जुना भाग फेकून देऊ नये. एका पिशवीत घालून, काय बदलले आणि कोणत्या साली, एवढे चिठ्ठीवर लिहून ती पिशवी खोक्याच्या पाठीमागे बांधून ठेवावी. वीस-पंचवीस वर्षांनी ही कडही सडेल, हे कपॅसिटरही सुकतील. तेव्हा ती खोकी जो कोणी उघडील, त्याला मूळ आवाजाचा माग त्या पिशवीतच सापडेल.