वाघ्या आणि दुसरी कुत्री : एका इलाजाचा इतिहास

मंडळाच्या बैठकीत मी बहुतेक वेळा होळकरकालीन पूल, बावड्या, जुने नकाशे यांवर बोलतो. यावेळी ‘दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जाणाऱ्या कुत्र्याचा इलाज’ असा विषय सांगितला तेव्हा दोघेतिघे हसले. हसू द्या. हा प्रश्न आमच्या घरी उभा राहिला, आणि उत्तर शोधताना मला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास चाळावा लागला.

आमचा वाघ्या गावठी, चार वर्षांचा. माणसांशी अगदी गरीब, पण दुसरं कुत्रं दिसलं की संपलं. एका संध्याकाळी त्याने समोरच्या काकूंच्या पामेरियनचा कान फाडला. टाके पडले. काकू भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “भाऊ, याचं काहीतरी करा, नाहीतर कुठेतरी सोडून या.” सोडून यायचं म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी एक प्रशिक्षक गाठला. त्याने वाघ्याला काट्यांचा पट्टा घातला, गुरगुरला की झटका दिला. “याला कळलं पाहिजे मालक कोण ते!” दोन आठवड्यांत गुरगुरणं बंद. मी खूश. तिसऱ्या आठवड्यात वाघ्या आवाज न करता सरळ चावला. मी पीथमपूरला कारखान्यात देखभालीचं काम केलेला माणूस. बॉयलरचा भोंगा वाजतो म्हणून कोणी भोंग्याची तार कापली तर त्याला मी काय म्हटलं असतं? आम्ही नेमकी तीच तार कापली होती.

मग ‘मालक कोण’ ही कल्पना आली कुठून, हे शोधू लागलो.

आपल्या परंपरेतून ती आलेली दिसत नाही. होळकरांचं कुलदैवत खंडोबा. राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे. घोड्यावरच्या खंडोबासोबत कुत्रा असतो आणि त्याचे भक्त स्वतःला ‘वाघ्या’ म्हणवतात. मल्हारराव होळकर (जन्म 1693) नीरेकाठच्या होळ गावच्या धनगर घराण्यातले. धनगराचा कुत्रा कळपाभोवती राहतो, आणि लांडगा किंवा परकं कुत्रं जवळ आलं की त्याला हुसकावणं हेच त्याचं काम. म्हणजे ज्याला आज आपण दोष म्हणतो, तो माळरानावर गुण होता. फरक एवढाच की तिथे जागा होती. भुंकलं, समोरचा मागे सरला, विषय संपला. गल्लीतली मोकळी कुत्रीही बहुतेक तंटे असेच अंतर राखून मिटवतात. आपण कुत्र्याला चार फुटांच्या दोरीला बांधून अरुंद गल्लीत नेतो, तेव्हा पळण्याची वाट काढून घेतो. मग उरतं काय? चावणं.

शिस्तीचं शास्त्र आलं युरोपातल्या पोलिस आणि लष्करातून. जर्मनीच्या कोनराड मोस्ट यांचं पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणावरचं पुस्तक 1910 चं. त्यात बक्षीस होतं, पण जबरदस्तीही भरपूर होती. पुढे 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. बंदिस्त जागेत कोंडलेले लांडगे वरच्या क्रमांकासाठी भांडताना त्यांना दिसले. डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ‘अल्फा’ हा शब्द जगभर नेला, आणि 1978 च्या सुमारास कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरण्याचा सल्ला पुस्तकांतून घरोघरी पोचला.

गंमत पुढे आहे. मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समेअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले. 1999 मध्ये त्यांनी लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, सिंहासनाची लढाई नव्हे. आपल्याच जुन्या पुस्तकाची छपाई थांबवावी म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. 2022 मध्ये ती थांबली. पिंजऱ्यात घेतलेलं माप अर्धं शतक मोकळ्या मैदानाला लावलं गेलं, आणि त्याचा झटका माझ्या वाघ्याच्या मानेला बसला.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला 2009 चा एक अभ्यासही याला जोडून पाहावा. वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या 140 कुत्र्यांच्या मालकांना विचारलं होतं. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली, त्यांतल्या 43 टक्के लोकांवर कुत्रं उलटलं होतं. उताणं पाडणाऱ्यांत हे प्रमाण 31 टक्के होतं.

दुसरी वाट मात्र माणसांच्या दवाखान्यातून आली. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर प्रयोग केला. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा, आणि तो घाबरणार नाही एवढ्याच बेताने रोज थोडा जवळ आणायचा. 1958 मध्ये जोसेफ वोल्पे यांनी अशाच क्रमाक्रमाने भीती घालवण्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. आज जाणकार लोक कुत्र्यांवर वापरतात ती रीत मुळात हीच.

हे वाचल्यावर मी आधी पशुवैद्याकडे गेलो. हे ‘आधी’ महत्त्वाचं आहे. दुखणारा कान किंवा सांधादेखील कुत्र्याला चिडका करतो. वाघ्याच्या मागच्या पायाचा सांधा दुखत होता, हे आम्हाला कोणाला माहीतच नव्हतं. त्यावर औषध सुरू झालं. नंतर वर्तनाची जाण असलेली एक व्यक्ती घरी आली. तिने पहिल्या दिवशी वाघ्याला हातही लावला नाही. दुसरं कुत्रं किती फुटांवर असताना तो अन्न सोडतो, एवढंच मोजायला सांगितलं. मी टेप घेऊन मोजलं : साठ फूट. मग पासष्टवरून सुरुवात. कुत्रं दिसलं की चिकनचा तुकडा, नजरेआड झालं की तुकडा बंद. सोबत जाळीदार मुसकं आणि गर्दीची वेळ टाळून फेरफटका.

आपल्याकडे पशुवैद्याला 1984 च्या कायद्यानुसार नोंदणी लागते, पण श्वान-प्रशिक्षकाची पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून पारख आपणच करायची. तुमची पद्धत काय, कुत्रा गुरगुरला तर काय कराल, आधी वैद्यकीय तपासणी सांगता का, हे विचारा. ‘आठवड्यात ठीक करून देतो’ म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा.

आठ महिने झाले. साठ फुटांचे वीस झालेत. वाघ्या सगळ्यांचा दोस्त झालेला नाही, होणारही नाही. पण तो पुन्हा गुरगुरू लागलाय, आणि तो आवाज ऐकला की मला बरं वाटतं. आम्ही दोघं मागे फिरतो. काकू आता आपल्या पामेरियनला घेऊन निघताना फाटकातून हाक मारतात, “भाऊ, निघू का?” मी वाघ्याला पलीकडे नेतो आणि म्हणतो, “निघा.”