रस्त्याचा पैसा रस्त्यावरच

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना टाइम्स स्क्वेअर दाखवतो आणि पाय दुखायला लागले की जवळच्या ब्रायंट पार्कमध्ये हिरव्या खुर्च्यांवर बसवतो. १९८० च्या सुमारास याच बागेत दिवसाढवळ्या मादक पदार्थ विकले जात आणि आजूबाजूचे नोकरदार तिथे जायला घाबरत. बाग सुधारली, त्यामागे करांचं एक वेगळंच गणित होतं.

हे गणित तसं जुनं. बाग किंवा रस्ता झाला की शेजारच्या जमिनीचा भाव वाढतो, मग मालकांनी खर्चाचा वाटा उचलावा. १८५० च्या दशकात सेंट्रल पार्कची जमीन सुमारे ५० लाख डॉलर्सना घेतली, तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश रक्कम आसपासच्या मालकांवर बसवली होती. आपल्याकडेही १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात वाढलेल्या भावाच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकाकडून घेण्याची तरतूद होती. बांद्रा-सांताक्रूझच्या पत्त्यांत 'टीपीएस' ही अक्षरं येतात, ती अशाच नगररचना योजनांची.

पण ती वसुली एकदाच. दरवर्षी पैसे काढून बाजारपेठ चालवण्याची कल्पना व्यापाऱ्यांची. गिऱ्हाईक मॉलकडे वळल्यावर १९७० मध्ये टोरांटोच्या ब्लूर स्ट्रीटवर तिची सुरुवात झाली. काही वर्षांत ती न्यू ऑर्लिन्समध्ये आली. न्यू जर्सीने १९८४ मध्ये कायदा केला आणि राज्यातला पहिला 'स्पेशल इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट' क्रॅनफर्डला झाला.

पद्धत सोपी आहे. नगरपालिका हद्द ठरवते, हद्दीतल्या इमारतींवर जादा आकारणी लावते आणि जमलेली रक्कम त्याच हद्दीच्या मंडळाला देते. त्यातून झाडलोट, दिवे, कुंड्या, पहारा. ज्यांनी गणपतीची वर्गणी गोळा केली आहे त्यांना यातली खुबी लगेच कळेल: प्रसादाला सगळे, पावतीला चारजण! इथे पावती सक्तीची.

ब्रायंट पार्कसाठी १९८० मध्ये एक संस्था निघाली. पुढे आजूबाजूच्या इमारतींवर आकारणी बसली. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने सांगितलं, की उंच कुंपणामुळे आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसतच नाही. १९८८ मध्ये बाग बंद केली, झुडपं काढली, वाटा मोकळ्या केल्या आणि १९९२ मध्ये हलवता येणाऱ्या खुर्च्यांसह पुन्हा उघडली.

आता दुसरी बाजू. मंडळावर बहुमत मालकांचं. शेजारच्या ग्रँड सेंट्रल परिसरातल्या रहिवाशांनी 'एक माणूस, एक मत' या तत्त्वावर दावा लावला. १९९८ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने तो फेटाळला: मंडळाचं काम मर्यादित आणि भार मुख्यतः मालकांवर, म्हणून बहुमत त्यांचं चालेल. कायद्याने ठीक असेल, पण मला ते अर्धंच पटतं. व्यापारी भाडेकरारात मालमत्ता कर आणि अशी आकारणी बरेचदा भाडेकरूच्या माथी मारलेली असते. म्हणजे किराणा दुकान चालवणारा आपला माणूस पैसे भरतो आणि मत इमारतीच्या मालकाचं!

न्यू जर्सीत असा डिस्ट्रिक्ट नगरपालिकेच्या ठरावाने होतो आणि त्याआधी जाहीर सुनावणी असते. तिथे भाडेकरूही बोलू शकतो. तेव्हा आपल्यापैकी ज्यांची दुकानं आहेत, त्यांनी भाडेकरारातलं 'असेसमेंट' शब्दाचं कलम आजच काढून वाचावं.