‘मी सहमत आहे’ची कुळकथा

सप्टेंबर 2025 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सक्तीची झाली आणि मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे, खांब, कोलाड या पट्ट्यातल्या बायकांना सेवा केंद्र गाठावं लागलं. काउंटरपलीकडचा मुलगा आधार क्रमांक टाकतो. पडद्यावर बारीक अक्षरांतला मजकूर येतो, त्याखाली ‘मी सहमत आहे’. तिथे टिचकी तोच मारतो. बाईच्या मोबाइलवर ओटीपी येतो. बारीक आकडे दिसत नाहीत म्हणून ती मोबाइलच त्याच्या हाती देते. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, त्यांचा ओटीपी. नवरा कामावर असेल तर फोन लावून आकडे विचारायचे, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातील असे. “झालं मावशी. पुढची या.” कशाला सहमती दिली हे मावशीला कोणी सांगितलेलं नसतं. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही, त्यालाही ते कोणी सांगितलेलं नसतं.

टिचकी नवी आहे, पण दुसऱ्याच्या हाताने दिलेल्या संमतीचं कूळ बरंच जुनं आहे. मोडी कागद चाळताना खाली ‘निशाणी नांगर’ असं लिहिलेलं आढळतं आणि शेजारी चार रेघांचा नांगर. लिहिता न येणाऱ्या पाटलाची, कुणब्याची ही सही. बाई असेल तर बांगडी. बरेचदा शेजारी ‘दस्तूर अमका’ अशी नोंद असते, म्हणजे अक्षर कोणाचं तेही कागद सांगतो. आजच्या पडद्यावर टिचकी कोणी मारली याचा एवढाही पुरावा उरत नाही.

नांगराच्या जागी अंगठा आला तो बंगालातून. 1858 मध्ये हुगळीकाठच्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा ठेका देताना राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या हाताला शाई फासली आणि करारनाम्याच्या पाठीवर पंजा उमटवून घेतला. ओळख पटवण्याचं शास्त्र तेव्हा त्याच्या मनात नव्हतं. उद्या या माणसाने ‘ही सही माझी नाही’ म्हणू नये, एवढाच धाक त्याला घालायचा होता. 1877 मध्ये त्याने दस्तनोंदणी, पेन्शन आणि तुरुंग यांच्या कामात बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. तो निवृत्त झाल्यावर, 1897 मध्ये, इतरांच्या पुढाकाराने कलकत्त्यात ठशांची कचेरी सुरू झाली. ठसा जन्मला तो देणाऱ्याला बांधून ठेवायला. घेणाऱ्यावर त्याने कसलंच बंधन टाकलं नाही. पुढचं पुष्कळसं या एका गोष्टीतून आलं आहे.

महाराष्ट्रात हे दुखणं सर्वांत आधी चव्हाट्यावर आलं ते सावकारी रोख्यांमुळे. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावायची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुळांच्या भल्याचा होता. घडलं उलटं. मुदत भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला. थकलेलं व्याज मुदलात धरायचं आणि त्यावर पुन्हा निशाणी. आत काय लिहिलंय ते कुळाला वाचता येत नव्हतं आणि नाही म्हणायची सोय नव्हती, कारण बी-बियाण्याला पैसा देणारा गावात दुसरा कोणी नव्हता. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. दंगा पुढे पुणे-नगर भागात पसरला. या दंग्यांत जागोजाग एकच गोष्ट दिसते: लोकांनी आधी वह्या आणि रोखे मागितले, आणि ते जाळले. आपल्याबद्दल दुसऱ्याच्या घरात काय लिहून ठेवलंय याचं भय त्यांना नेमकं कळलं होतं.

त्यानंतर आलेला 1879 चा दख्खन शेतकरी कायदा मला या सगळ्या कुळकथेतला सर्वांत शहाणा पूर्वज वाटतो. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो प्रथम झाला. त्यात गावनिबंधक नेमले होते. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त या निबंधकासमोर लिहायचा, त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, समजला याची खात्री करायची आणि मगच त्याची निशाणी घ्यायची. शिवाय पैसे भरले की पावती, वर्षाला हिशेब आणि मागितलं तर पासबुक, हे कुळाचे हक्क ठरले. वाचून दाखवणाऱ्या निबंधकाला तो कर्जव्यवहार जुळवण्यात रस नव्हता, यात मोठी ताकद होती. सावकारी त्याने संपली नाही, गरज होती तिथे लोक निशाण्या देतच राहिले. तरी संमती म्हणजे नुसता ठसा नव्हे, हे कायद्याच्या पुस्तकात एकदा लिहिलं गेलं.

आमच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात सावकाराच्या जोडीला खोत होता आणि रोख्याच्या जोडीला कबुलायत. जमीन कसायची तर खोताच्या अटी कबूल करायच्या. पेणच्या शेजारी, अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप केला, शेतं पडीक ठेवली आणि सहा वर्षं टिकवला. ज्याच्यावाचून पोट भरत नाही त्याच्या अटींना ‘नाही’ म्हणायची किंमत किती, ते या जिल्ह्याने मोजून पाहिलं आहे.

मोबाइलमधली कबुलायत तुलनेने साध्या घरातून आली. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या तरुण अभियंत्याने ‘कुकी’ बनवली. संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ती छोटीशी खूण. तिच्यामुळे परत आलेलं गिऱ्हाईक ओळखू येतं. दुकानदाराला गिऱ्हाईक ओळखता आलं तर बिघडलं काय? बिघडलं ते जाहिरात कंपन्यांनी हजारो दुकानांत एकच खूण ठेवायला सुरुवात केल्यावर. मग कोण कुठे गेला आणि किती वेळ थांबला, याची वही तिसऱ्याच्या घरात तयार होऊ लागली. यावर युरोपने संमती घेण्याचा नियम केला आणि ‘मान्य आहे’चं बटण जगभर पसरलं.

आपल्याकडे 2021 मध्ये व्हॉट्सअॅपने नव्या अटी पुढे केल्या: माहिती मूळ कंपनीच्या इतर शाखांना जाईल, मान्य करा. खांबमध्ये शाळेचे निरोप, रिक्षावाल्याचा नंबर, दुबईतल्या मुलाचा व्हिडिओ कॉल हे सगळं त्यावरच येतं, तेव्हा अमान्य करून जायचं कुठे? भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये नेमकं हेच धरलं आणि मेटाला 213.14 कोटी रुपयांचा दंड केला. पर्यायच नसेल तर ती संमती कसली, हा त्याचा गाभा. सुप्याच्या कुळाला हे पटवून द्यावं लागलं नसतं.

न्यायालयात हा विषय त्याआधीच आला होता: 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचं, आणि त्यात त्यांनी आणीबाणीतल्या 1976 च्या निकालातलं आपल्या वडिलांचं, यशवंत चंद्रचूड यांचं मत चुकीचं ठरवलं. मग 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. संमती मोकळेपणाने, समजून आणि ठरावीक कामापुरतीच दिलेली हवी, देणं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं, आणि सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळायला हवी, असं तो म्हणतो. सरकारी लाभ आणि अनुदानासाठी मात्र काही अटींवर नव्या संमतीवाचून माहिती वापरायची मुभा त्यात आहे. म्हणजे मावशीच्या रांगेला या कायद्याचा आधार सर्वांत कमी.

नोव्हेंबर 2025 मध्ये या कायद्याचे नियम निघाले आणि कंपन्यांना मुख्य तरतुदी पाळायला 18 महिने मिळाले. मराठी मजकूर येईल तेव्हा येवो. पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांत तो नुसता लिहिलेला असून भागणार नाही. वीटभट्टीवर आणि कोळशात काम करून रेषा झिजलेला अंगठा रेशन दुकानातल्या यंत्रावर पुसून पुसून ठेवणाऱ्या माणसाला तो ऐकवावा लागेल. 1879 मध्ये गावनिबंधकाला जे काम सांगितलं होतं, ते आज प्रत्येक सेवा केंद्रात सांगता येईल: टिचकीआधी चार वाक्यं मोठ्याने वाचा, काय कुठे जाणार ते सांगा, ओटीपी बाईलाच टाकू द्या, आणि काय दिलं त्याची छापील पावती हातात ठेवा. हे काम ग्रामपंचायतीने सांगावं की जिल्हाधिकाऱ्यांनी, हा प्रश्न ग्रामसभेत एक ठराव करून पुढे आणता येईल.