किशोरवय आणि अमूर्त गणिती विचार

दोन विषम संख्यांची बेरीज नेहमी सम येते का, असे विचारल्यास आठ-नऊ वर्षांचे मूल बहुधा ३ आणि ५, ७ आणि ९ अशा बेरजा करून पाहते. किशोरवयीन विद्यार्थी कारणापर्यंत पोहोचू शकतो : विषम संख्येत जोड्या लावल्यावर एक उरतो आणि असे दोन उरलेले एक मिळून आणखी एक जोडी होते. उदाहरणांकडून सर्वसाधारण नियमाकडे होणारा हा प्रवास म्हणजेच अमूर्त गणिती विचाराचा विकास होय.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी साधारण ११-१२ व्या वर्षी सुरू होणाऱ्या या टप्प्यास ‘औपचारिक क्रियात्मक अवस्था’ म्हटले. बार्बेल इनहेल्डर यांच्यासमवेत १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी लंबकाचा प्रयोग वर्णिला आहे. लंबकाची गती कशावर अवलंबून असते, हे मुलांनी शोधायचे होते. लहान मुले दोरीची लांबी आणि वजन एकाच वेळी बदलत. मोठी मुले इतर घटक स्थिर ठेवून एकेक घटक तपासत आणि दोरीची लांबीच निर्णायक असल्याचे ओळखत.

मात्र, ही क्षमता ठरावीक वयात आपोआप प्राप्त होत नाही. काहींच्या बाबतीत ती १५ ते २० वर्षांच्या दरम्यान आणि आपापल्या आवडीच्या क्षेत्रात प्रकट होते, असे पियाजे यांनीही १९७२ मध्ये नमूद केले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार सहावी ते आठवीच्या टप्प्यात, म्हणजे ११ ते १४ या वयोगटात, अमूर्त संकल्पनांची ओळख अपेक्षित आहे. बीजगणितात अंकांच्या जागी अक्षरे येतात ती याच सुमारास, आणि ‘गणितात कच्चा’ हा शिक्काही अनेकांवर तेव्हाच बसतो. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचे संशोधन २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले गुंतागुंतीचे व्यवहारी हिशेब तोंडी करतात, परंतु पाठ्यपुस्तकी मांडणीतील सोप्या उदाहरणांतही अडखळतात. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांना व्यवहारी हिशेब जड जातात.

यावरून अडचण बुद्धीची नसून, व्यवहार आणि चिन्हे यांना जोडणाऱ्या दुव्याची असल्याचे दिसते. तो दुवा वर्गातच घडवावा लागतो.