संगणक–स्टिरिओ रिसीव्हर जोडणी

संगणकात साठवलेले किंवा इंटरनेटवरून येणारे संगीत घरातील स्टिरिओच्या मोठ्या स्पीकरांवर ऐकण्यासाठी केलेली जोडणी. रिसीव्हर म्हणजे रेडिओ ट्यूनर, अ‍ॅम्प्लिफायर आणि वेगवेगळी साधने निवडण्याचा स्विच एकाच पेटीत असलेले उपकरण. लॅपटॉपमधल्या चिमुकल्या स्पीकरांना डग्ग्याचा घुमारा किंवा तानपुऱ्याचा खर्ज पेलत नाही, कारण खालचे स्वर उमटवण्यासाठी बरीच हवा हलवावी लागते. त्यामुळे आवाजात जी सुधारणा होते ती मुख्यतः अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर यांची असते. जोडणीने संकेत न बिघडवता पोचवला, की तिचे काम झाले. महागड्या केबलींच्या जाहिराती हे सोयीस्करपणे विसरतात.

संगणकात ध्वनी अंकरूपात असतो. सीडीच्या दर्जाच्या फाइलीत प्रत्येक चॅनलसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. स्पीकरला मात्र सतत बदलता विद्युत्दाब लागतो. अंकांचे असे दाबात रूपांतर करणाऱ्या मंडलाला डीएसी म्हणतात. हे रूपांतर संगणकात, मधल्या वेगळ्या पेटीत की रिसीव्हरमध्ये करायचे, यावर जोडणीचा प्रकार ठरतो.

संगणकातच रूपांतर करणे सर्वांत स्वस्त. हेडफोनच्या ३.५ मिमी सॉकेटमधून (डेस्कटॉपवर ते बहुधा हिरवे असते) निघणाऱ्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना असतात : लाल उजवीकडची, पांढरी डावीकडची. त्या रिसीव्हरच्या ऑक्स, सीडी किंवा टेप-प्ले या सॉकेटांत बसवतात. फोनोचे सॉकेट वर्ज्य. ते रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टांच्या संकेतासाठी असते. तेथे संकेत कित्येक पटींनी वाढवला जातो, शिवाय खर्ज उचलून तार दाबली जाते. संगणकाचा संकेत साधारण एक व्होल्टाच्या घरातला, म्हणून फोनोतून तो फाटका आणि बोजड ऐकू येतो. संगणकावरचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमी-जास्त करण्याचे काम रिसीव्हरच्या नॉबवर सोपवावे. उलट केल्यास संकेताबरोबर खरखरही मोठी होते. पिन लावताना किंवा काढताना रिसीव्हर बंद असावा, नाहीतर स्पीकरमध्ये जोराचा धमाका होतो.

या पद्धतीतली नेहमीची तक्रार म्हणजे एकसारखी गुणगुण. संगणक व रिसीव्हर दोन ठिकाणी अर्थ झालेले असले, की केबलीच्या आवरणातून एक वेटोळे पूर्ण होते आणि घरच्या विजेची ५० हर्ट्‌झ वारंवारता व तिचे गुणित संगीतात मिसळतात. लॅपटॉपचा चार्जर काढल्याबरोबर गुणगुण थांबली, तर दोष बहुधा याच वेटोळ्याचा. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डवरून चालवावीत किंवा मध्ये ध्वनीसाठीचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सर्रास चालणारा उपाय गुणगुण घालवतो खरा, पण त्याबरोबर विजेच्या धक्क्यापासूनचे संरक्षणही जाते.

रिसीव्हरला डिजिटल प्रवेश असेल तर रूपांतर तेथेच होऊ शकते. तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणलेली टॉसलिंक ही प्रकाशकीय केबल वीज वाहत नसल्याने तिच्यातून अर्थचे वेटोळे तयार होत नाही. तिच्यावरून दोन चॅनल मूळ स्वरूपात जातात; सहा चॅनलांसाठी मात्र डॉल्बी डिजिटलसारखे संकोचन लागते. एचडीएमआयवर आठ चॅनलांपर्यंत असंकोचित ध्वनी जातो. जुन्या रिसीव्हरांना यांपैकी काहीच नसते. त्यांच्यासाठी यूएसबीवर चालणारी वेगळी डीएसी पेटी सोयीची. रूपांतर मदरबोर्डपासून दूर होत असल्याने माऊस हलवताना ऐकू येणारी बारीक चरचर सहसा नाहीशी होते.

ब्लूटूथमुळे वायर टळते. पण ध्वनी संकोचित होतो आणि किंचित उशिरा पोचतो. गाण्याला त्याने बिघडत नाही, चित्रपटात मात्र ओठ आणि शब्द यांची ताटातूट जाणवते.

संगणकाच्या सेटिंगकडेही पाहावे लागते. विंडोज सर्व प्रोग्रामांचे आवाज एकत्र मिसळते व त्यांना एकाच नमुनादरावर आणते. एक्स्क्लुझिव्ह मोड वापरणारा प्लेअर ही मिसळण टाळून फाइल जशीच्या तशी डीएसीकडे पाठवतो. त्या अवस्थेत त्या डीएसीवर इतर प्रोग्रामांचे आवाज येत नाहीत. एरवी ई-मेल आल्याची घंटी भर विलंबित ख्यालात मोठ्या स्पीकरांवर खणखणते.