स्थानिक–स्थलांतरित विवाह : महाड–पोलादपूर परिसर

एखाद्या प्रदेशात बाहेरून येऊन राहिलेली व्यक्ती आणि तेथील मूळ रहिवासी यांच्यातील विवाहास स्थानिक–स्थलांतरित विवाह म्हणतात. कोकणी मुसलमान समाजात तो दोन्ही दिशांनी घडला : आधी परमुलखातले लोक येथे जावई झाले आणि पुढे येथले पुरुष परमुलखात.

इ. स. 916 च्या सुमारास आलेल्या अल्-मसूदी या अरब प्रवाशाने सैमूर, म्हणजे रायगड जिल्ह्यातील चौल, येथे सिराफ, ओमान, बसरा व बगदादहून येऊन लग्न करून स्थायिक झालेल्या मुसलमानांची नोंद केली असून, त्यांच्या येथे जन्मलेल्या संततीस ‘बयासिरा’ म्हणत, असे सांगितले आहे. अशा सोयरिकीतून व्यापाऱ्याला पावसाळ्यापुरते घर, स्थानिक बोली आणि बाजारात पत मिळत असणार. महाडलाही असा व्यापार चाले. सावित्री नदी पोलादपूरकडून महाडला येते. खाडीच्या भरतीबरोबर गलबते महाडपर्यंत चढत आणि तेथून माल बैलांच्या पाठीवर घाटमाथ्याला जाई. या खाडीकाठच्या दासगाव, टोळ यांसारख्या गावांतील कोकणी मुसलमानांच्या घरात आजही मराठीच्या कुळातली कोकणी बोली आणि तांदळाची भाकरी आहे. हा वारसा मुख्यतः माहेरच्या बाजूने आलेला मानावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कुलाबा (1981 पासून रायगड) व रत्नागिरी जिल्ह्यांतील पुरुष दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनला गेले आणि त्यांतील अनेकांनी तेथील ‘केप मलय’ मुस्लिम स्त्रियांशी निकाह लावले. त्यामुळे त्यांना धंद्याच्या जागी हक्काचे घर मिळाले. गावाकडे मात्र बहुधा पहिली पत्नी असे आणि एका कमाईवर दोन संसार चालत. गावी यायचे तर छायाचित्र व हाताचे ठसे असलेला मुदतीचा परवाना लागे. मुदत उलटली की परतीचा हक्क धोक्यात येई. 1913 मध्ये तेथील न्यायमूर्ती सर्ल यांनी, बहुपत्नीकत्वाला मुभा देणाऱ्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह कायदेशीर नाही, असा निकाल दिला. तेथील भारतीयांनी केलेल्या सत्याग्रहानंतर 1914 च्या कायद्याने एका पत्नीपुरती मान्यता मिळाली. गावी राहिलेल्या स्त्रीने शेती, सासूसासऱ्यांचे दुखणेखुपणे आणि मुलांचे शिक्षण बाहेरून येणाऱ्या पैशाच्या भरवशावर सांभाळले. स्थलांतराच्या अर्थकारणात तिच्या श्रमाची गणना व्हायला हवी. दक्षिण आफ्रिकेतील 1953 च्या कायदादुरुस्तीने भारतातून पत्नी आणण्याची वाट बंद झाली, तेव्हा केपमधील कोकणी तरुणांना तेथेच जोडीदार शोधणे भाग पडले आणि गावाशी असलेले सोयरिकीचे नाते पातळ होत गेले.