पाहुण्यांनी वसवलेलं गाव

उन्हं कलली की आजोबा काठी घ्यायचे आणि मला हाक मारायचे, "चल, आज कुठला दरवाजा?" झाशीत आम्हा मुलांचं फिरायला जाणं म्हणजे एकेका दरवाज्यापर्यंत जाऊन येणं. ओरछा, दतिया, उन्नाव, भांडेर, बडागाव, सागर, सैंयर, लक्ष्मी, झिरना, खंडेराव. हे दहा दरवाजे मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते. हा तट शिवरावभाऊ नेवाळकरांनी, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंच्या सासऱ्यांनी, 1796 नंतरच्या वर्षांत घातला. तट काही ठिकाणी पडला, काही ठिकाणी घरांच्या भिंतींत मिसळून गेला. पण दरवाज्यांची नावं टांगेवाल्यांच्या आणि भाजीवाल्यांच्या तोंडी तशीच राहिली.

"तट बांधतात तो परक्याला अडवायला," आजोबा म्हणायचे, "पण बहुतेक दारांना नावं बघ कुणाची दिली. जिकडे वाट जाते त्या गावाचं नाव. सगळे शेजारीच."

गावाच्या नावाची गोष्टही त्यांनी अशाच एका संध्याकाळी सांगितली. ओरछ्याच्या राजा वीरसिंहदेवांनी 1613 साली बंगरा टेकडीवर किल्ला बांधला. खाली वस्ती होती ती बलवंतनगर. जैतपूरचा राजा ओरछ्याला पाहुणा आला होता. वीरसिंहदेवांनी गच्चीवरून बोट दाखवून विचारलं, माझा नवा किल्ला दिसतो का? पाहुण्याने डोळे बारीक केले आणि म्हणाला, "झाईं सी." सावलीसारखं काहीतरी दिसतंय. त्या झाईं-सीची झाशी झाली. हे इतिहासाच्या कागदात बसतं की नाही, याची आजोबांना फिकीर नव्हती. ते एवढंच म्हणायचे, "ज्या गावाचं नावच पाहुण्याने ठेवलं, तिथे उपरा कोण?"

पाहुणे येतच गेले. 1729 मध्ये मोगल सरदार बंगशाच्या वेढ्यात सापडलेल्या बुंदेला राजा छत्रसालांच्या मदतीला पहिले बाजीराव धावले, तेही जैतपूरलाच. छत्रसालांनी राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्यांना दिला आणि बुंदेलखंडात मराठ्यांचं बस्तान बसलं. 1742 मध्ये नारोशंकर झाशीला सुभेदार होऊन आले. नाशिककर ज्यांच्या देवळातल्या घंटेचं नाव अजून घेतात, तेच हे नारोशंकर. त्यांनी किल्ला वाढवला. तो वाढवलेला भाग म्हणजे शंकरगढ. वीरसिंहदेवांचा दगड आणि नारोशंकरांचा दगड एकाच टेकडीवर एकमेकांना टेकून उभे आहेत. सांधा कुठे ते शोधण्यात माझ्या कितीतरी सुट्ट्या गेल्या.

मग कोकणातून नेवाळकर आले. रघुनाथ हरींनी तळ्याकाठी महालक्ष्मीचं देऊळ बांधलं आणि गावात हवेली उठवली. हीच पुढे राणीमहाल झाली. 1854 मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा करून किल्ला घेतला, तेव्हा राणी लक्ष्मीबाई तिथे राहायला आल्या. बाहेरून महाल साधा, रस्त्याकडे पाठ केल्यासारखा. आत शिरलं की चौक, चारी बाजूंना कमानींचे सोपे, मधे कारंजं. वाड्यात वाढलेल्या माणसाला ही मांडणी ओळखीची वाटते. वर दरबाराच्या दालनात मान वर केली की मात्र बुंदेलखंड भेटतो. छताभर लाल-निळी वेलबुट्टी, फुलं, मोर. आजी मला तिथे घेऊन जायची आणि बराच वेळ काही न बोलता छताकडे बघत बसायची. एकदा म्हणाली, "रांगोळी उलटी टांगलीय बघ."

आमच्या स्वयंपाकघरातही असंच होतं. उन्हाळ्यात आजी ज्वारी ताकात शिजवून आंबील करायची. शेजारच्या काकी दारातूनच म्हणायच्या, "काए जिज्जी, आज महेरी बनाई?" आजी म्हणायची, "हओ." वाटी तिकडे जायची आणि दोन्ही नावं खरी असायची.

किल्ल्यात गेलं की आजोबा आधी कडकबिजली तोफेपाशी थांबायचे. पुढे एक साधी मजार आहे. तिथे ते चपला काढायचे आणि मलाही काढायला लावायचे. ती तोफखान्याचे गुलाम गौस खाँ, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांची. मोतीबाई राणीचे पती गंगाधरराव यांच्या नाटकशाळेतली, असं आजोबा सांगायचे. एप्रिल 1858 मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजा शहरात शिरल्या, त्याच लढाईत ही माणसं गेली. पुढचे काही दिवस गल्ल्यागल्ल्यांत कत्तल चालली, घरं पेटली, ग्रंथालय जळालं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा झाशीत जीव मुठीत धरून लपले होते. 'माझा प्रवास' मध्ये त्यांनी ते सगळं लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. आजोबांनी ते पुस्तक मला वाचून दाखवलं, पण जळत्या शहराच्या पानांपाशी त्यांचा आवाज बसला आणि उरलेलं मी वाचलं.

माझा समज होता की आमचं घराणंही राणीबरोबरच आलं. शाळेत मी तसं सांगतही असे. एक दिवस आजोबांनी ते ऐकलं आणि मला जवळ बसवून खरं सांगितलं. 1861 मध्ये इंग्रजांनी झाशी शहर शिंद्यांना दिलं, 1886 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतलं. मग रेल्वे आली, 1895 मध्ये मोठा कारखाना निघाला, आणि भुसावळहून जे कारागीर आले त्यांत त्यांचे वडील होते. तलवार नव्हे, हातात पाना घेऊन आलेले. "राणीच्या नावावर उभं राहू नकोस," आजोबा म्हणाले, "आपण इंजिनं दुरुस्त केली. तेही गावासाठीच केलं."

मला त्या वेळी वाईट वाटलं होतं. आज वाटतं, आजोबांनी मला दिलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट. वारसा सांगायला राजघराणं लागत नाही. ज्यांनी विणलं त्या कोरी-कोष्ट्यांचं, ज्यांनी तोफा डागल्या त्या पठाणांचं, 28 ऑक्टोबरला सेंट ज्यूडच्या देवळात मेणबत्ती लावायला दूरदूरून येणाऱ्यांचं, सगळ्यांचं हे गाव.

आता मी पुण्याहून वर्षातून एकदा जाते. स्टेशनलाही आता राणीचं नाव आहे. गेल्या वर्षी ओरछ्याला गेले होते. महालाच्या गच्चीवर संध्याकाळी उभी राहिले आणि झाशीच्या दिशेने डोळे बारीक केले. धुळीत, मावळत्या उजेडात काहीतरी होतं. शेजारच्या लहान मुलाने विचारलं, "काय दिसतं?"

मी म्हटलं, "झाईं सी."